गळणारी किटली : दुरुस्त करायची की नवी घ्यायची?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वाडीतील विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते. मालवणच्या किनाऱ्यावर हे दिवस म्हणजे कौलांवर सतत वाजणारा पाऊस, दमट चटया आणि खोकणारी म्हातारी माणसे. म्हणून तीन वर्षांपूर्वी वर्गणी काढून आम्ही दीड लिटरची विजेची किटली घेतली. वाचन संपले की सगळ्यांना कोरा चहा आणि ज्येष्ठांना गरम पाणी मिळू लागले.

गेल्या वर्षावासात किटलीखालचा कागद ओला दिसू लागला. "कोणीतरी सांडले असेल" म्हणून आम्ही तो बदलत राहिलो. आठवड्याभराने एका आजींनी कप भरायला किटलीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "गे बाय माझे! हात झिणझिणलो माझो!" त्या दिवशी चहा झाला नाही, चर्चा मात्र खूप झाली. एक गट म्हणाला, "टाकून द्या, नवी आणू." दुसरा म्हणाला, "वर्गणीचे पैसे आहेत, एमसील लावून चालवू." दोन्ही गटांनी किटली उलटी करून पाहिली नव्हती.

हा प्रश्न लहान वाटतो, पण तो विहारात, अभ्यासिकेत, वसतिगृहाच्या खोलीत आणि घरोघरी येतो. तो अंदाजाने न सोडवता पायरीपायरीने कसा सोडवावा, हे आम्ही शिकलो तसे येथे मांडत आहोत.

आधी प्लग काढा

विजेच्या किटलीत पाणी आणि वीज यांच्यात फारच थोडे अंतर असते. बहुतेक स्टीलच्या किटल्यांत तळाच्या पत्र्याला खालून कॉइल चिकटवलेली असते. तिच्याजवळ थर्मोस्टॅट आणि वायरची टोके असतात, आणि अगदी खाली बैठकीवर बसणारा गोल कनेक्टर असतो. वरून गळलेले पाणी उतरून याच भागात पोहोचते. तेथून वीज ओल्या भागातून बाहेरच्या धातूच्या भांड्यावर येऊ शकते. आजींच्या हाताला जाणवले ते हेच.

म्हणून पहिला नियम असा की किटली गळते असा संशय आला, की तपास पूर्ण होईपर्यंत ती विजेवर लावायची नाही. बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग बोर्डातून काढायचा. हाताला झिणझिण्या आल्या असतील तर "थोडेच आले" असे म्हणू नये. आज कोरड्या पायांनी, चप्पल घालून थोडे आले असतील. उद्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्यावर निभावेलच असे नाही.

गळते की सांडते?

किटलीखाली पाणी दिसले म्हणजे किटली गळतेच असे नाही. आतल्या कमाल खुणेच्या वर पाणी भरले, तर उकळताना ते चोचीतून आणि झाकणातून बाहेर उडते. काही किटल्यांत उकळल्यावर आपोआप बंद होण्यासाठी वाफ मुठीतल्या नळीतून खाली बटणापर्यंत नेलेली असते. ती वाफ थंड होऊन दोन-चार थेंब खाली पडतात. झाकण नीट बसत नसेल तर हेच थेंब वाढतात.

खरी गळती शोधण्याची पद्धत सोपी आहे. त्यासाठी वीज लागत नाही.

१. किटली बाहेरून पूर्ण कोरडी पुसा. खुणेपर्यंत थंड पाणी भरा. बैठकीवर न ठेवता कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा.

२. तळाच्या जोडावर, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पारदर्शक पट्टीच्या कडेला आणि मूठ जिथे भांड्याला जोडली आहे तिथे तांदळाचे कोरडे पीठ बोटाने हलके लावा.

३. दोन तास हलवू नका. पीठ जिथे सर्वांत आधी ओले होऊन गोळा होते, तिथून पाणी येते. पाणी खाली ओघळते, त्यामुळे कागद ओला झालेली जागा फसवी असते. ओल्या पिठाचा सर्वांत वरचा ठिपका खरा.

४. दोन तास काहीच झाले नाही, तर पाणी ओतून द्या. दुसऱ्या भांड्यात तापवलेले गरम पाणी सांभाळून भरा आणि पुन्हा पाहा. धातू आणि रबर तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावतात, त्यामुळे काही फटी गरम पाण्यातच उघडतात.

थंड आणि गरम दोन्ही वेळा कागद कोरडा राहिला तर बहुधा दोष किटलीचा नसून भरण्याच्या सवयीचा आहे. ती पूर्ण वाळवा आणि खुणेखाली भरून पाहा. मात्र हाताला झटका बसला असेल, तर ही परीक्षा पास झाली तरी किटली जाणकार वायरमनला दाखवल्याशिवाय लावू नये.

कुठून गळते त्यावर निर्णय

झाकण आणि चोच : झाकणाची बिजागरी सैल किंवा रबर रिंग झिजलेली असेल, तर दुरुस्ती करता येते. वीज या भागाजवळ नसते.

पारदर्शक पट्टी : ही पट्टी रबरी गॅस्केटवर बसवलेली असते. गॅस्केट कडक होऊन तडकते. तोच सुटा भाग मिळत असेल तर बदलता येतो. स्वस्त किटल्यांत पट्टी कायमची चिकटवलेली असते. ती काढताच तुटते.

मुठीचा स्क्रू किंवा रिव्हेट : काही किटल्यांत स्क्रूखाली वॉशर असतो, तो बदलता येतो. वायर मुठीतून जात असेल तर पाणी तिच्यापर्यंत गेले का, हे उघडून पाहावे लागते. ते काम वायरमनचे.

तळाचा जोड : हा सर्वांत धोक्याचा भाग आहे, कारण पाणी थेट कॉइल आणि कनेक्टरवर उतरते. जुन्या पद्धतीच्या किटलीत कॉइल आत पाण्यात असते आणि ती रबर वॉशर व नटाने बसवलेली असते. तिथे वॉशर बदलणे शक्य असते. तळाखाली चिकटवलेली कॉइल असलेल्या किटलीत जोड वेल्ड केलेला किंवा कारखान्यात दाबून बसवलेला असतो. तो गावात नीट होत नाही. अशी किटली बदलावी.

भांड्यालाच भोक किंवा प्लॅस्टिकला तडा : बदलावी. भोक एक दिसते, पण आतून धातू आणखी ठिकाणी खाल्लेला असतो. प्लॅस्टिकचा तडा प्रत्येक उकळीबरोबर लांबत जातो.

आपल्या किनाऱ्यावर किटली लवकर का बिघडते?

समुद्राजवळची हवा खारी असते, आणि पावसाळ्यात महिनोन्महिने ओलावा उतरत नाही. कनेक्टरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, स्क्रू गंजतात. घरातील रेडिओपासून मोटारसायकलपर्यंत याचा अनुभव आपल्याला आहेच.

दुसरे कारण पाणी. जांभ्यातून झिरपलेले विहिरीचे पाणी सहसा मऊ असते, त्यामुळे घाटावरच्यासारखा पांढरा क्षार आपल्याकडे जाड बसत नाही. पण देवबाग-तारकर्लीसारख्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी असलेल्या पट्ट्यात, किंवा खाडीकाठच्या कुठल्याही वाडीत, उन्हाळ्याच्या शेवटी विहिरीचे पाणी मचूळ होऊ शकते. मचूळ पाण्यातील क्लोराइड स्टीलवरचा संरक्षक थर ठिपक्याठिपक्याने फोडते. "स्टील गंजत नाही" ही समजूत येथे पुरी खरी नाही. हलक्या प्रतीच्या स्टीलला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात, तीही वेल्डच्या जोडाजवळ आधी.

म्हणून रात्रभर किटलीत पाणी ठेवू नये. काम झाले की उरलेले पाणी ओतून झाकण उघडे ठेवावे. क्षार बसलाच तर लिंबाचा रस घातलेले पाणी उकळून अर्धा तास ठेवावे. क्षार काढल्यावर गळती "सुरू झाली" असे वाटले तर दोष लिंबाचा नाही. फट आधीच होती, क्षाराने ती बुजवली होती.

एमसील, फेविक्विक आणि बाथरूमचे सिलिकॉन नको

आमच्यातील दुसऱ्या गटाचा हा आवडता उपाय. तो का चालत नाही ते समजून घेऊ.

नेहमीची लांबी आणि गोंद पिण्याच्या उकळत्या पाण्यासाठी बनवलेले नसतात. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये अनेकदा बुरशी रोखणारी रसायने असतात. उकळत्या पाण्यात त्यांचे काय होईल हे त्या ट्यूबवर लिहिलेले नसते, आणि ते पाणी आपण आजींना देणार असतो. शिवाय किटली रोज सामान्य तापमानापासून १०० अंशांपर्यंत जाते आणि परत येते. या ताणाखाली थर सुटतो, आणि सुटतो तो नेमका तळाकडे, जिथे डोळा जात नाही. बाहेरून लावलेला थर पाणी थांबवत नाही, आतल्या बाजूला कोंडून ठेवतो. मग कागद कोरडा आणि कॉइल ओली, अशी अधिक वाईट अवस्था होते.

खाद्यपदार्थांसाठी योग्य आणि उष्णता सोसणारे, असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले सिलिकॉन झाकण किंवा पारदर्शक पट्टीसाठी वापरता येईल. तळाच्या जोडासाठी तेही नको.

पैशाचा हिशेब

दीड लिटरची साधी किटली साधारण सहाशे ते हजार-बाराशे रुपयांत मिळते. दुरुस्तीचा खर्च मोजताना आपण फक्त भागाची किंमत धरतो. खरा हिशेब असा : सुटा भाग, कारागिराची मजुरी, मालवणहून कुडाळ किंवा कणकवलीला जाण्या-येण्याचे एसटीचे भाडे, आणि जाणाऱ्याचा बुडालेला रोज. ही बेरीज नव्या किटलीच्या निम्म्याहून जास्त झाली, आणि किटली तीन-चार वर्षांची असेल, तर दुरुस्तीत अर्थ उरत नाही. बेरीज निम्म्याच्या आत असेल, दोष वरच्या भागात असेल आणि भाग खरोखर मिळत असेल, तर दुरुस्तीच करावी. दुसऱ्या कामासाठी कोणी त्या बाजूला जातच असेल तर भाडे आणि रोज हिशेबातून गळतात. अशा वेळी थोडे थांबणेही शहाणपणाचे.

वॉरंटी संपली का, हे सर्वांत आधी पाहावे. बहुतेक किटल्यांना एक वर्षाची वॉरंटी असते, आणि आपण स्वतः स्क्रू उघडला की कंपनी ती नाकारू शकते. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे बिल विहाराच्या फाइलमध्ये असलेच पाहिजे. आमच्याकडे ते नव्हते, ही आमची चूक.

वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळावी यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' हे पोर्टल सुरू केले. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही विद्युत वस्तूंवर "ही वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे" याचे दहापैकी गुण छापावे लागतात. दुकानात "याचा वॉशर वेगळा मिळतो का?" हा प्रश्न आपणही विचारू शकतो. त्याला पैसे पडत नाहीत.

तिसरा पर्यायही लक्षात ठेवावा : किटली हवीच का? घरात गॅस आणि टोप आहे तिथे ती सोय आहे, गरज नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळानंतर आपल्याकडे दिवसेंदिवस वीज नव्हती, तेव्हा चूलच कामाला आली. विहारात मात्र गॅस ठेवलेला नाही, आणि दीड लिटर पाणी उकळायला साधारण ०.१५ युनिट वीज लागते. म्हणून आम्हाला किटली हवी होती.

आमच्या तपासात काय निघाले

पीठ तळाच्या जोडावर ओले झाले. जोड दाबून बसवलेला होता. म्हणजे किटली बदलायची, हे ठरले. प्रश्न येथे संपला असे आम्हाला वाटले, पण आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेल्या आमच्याच एका मुलाने विचारले, "अर्थिंग असते तर आजींना झिणझिण्या आल्याच कशा?"

त्याचे म्हणणे असे. किटलीच्या प्लगला तिसरी, जाड पिन असते. ती धातूच्या भांड्याला जमिनीशी जोडते. वीज भांड्यावर आली तर ती माणसातून न जाता या वायरने जमिनीत जायला हवी. परवानाधारक वायरमनला बोलावून बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. बोर्ड कोणी बसवला होता याचा शोध घेत बसण्यात अर्थ नव्हता. इतकी वर्षे आम्ही त्याच बोर्डावर माइक, पंखा आणि किटली लावत होतो.

नवी किटली आणून आम्ही त्याच बोर्डाला लावली असती, तर काही वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या हातावर तोच प्रसंग आला असता. कदाचित अधिक वाईट.

म्हणून आम्ही कामांचा क्रम बदलला. आधी अर्थिंगची वायर आणि खड्डा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात पाणी घालण्याचे काम आता एका मुलाकडे नेमून दिले आहे. मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला अनेकजण ईएलसीबी म्हणतात. वीज वाट चुकून बाहेर जाऊ लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही. तो जास्त भार आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो, माणसाला बसणाऱ्या झटक्यासाठी तो नसतो. आरसीसीबी किटलीपेक्षा महाग पडला. तरीही आधी तोच घेतला आणि किटलीसाठी पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबलो.

नवी घेताना

पारदर्शक पट्टी नसलेली, आतून एकसंध स्टीलची किटली घ्यावी. जोड जितके कमी, तितक्या गळण्याच्या जागा कमी. आयएसआय खूण पाहावी. विजेच्या घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक आयएस ३०२ आहे, त्याचा उल्लेख वेष्टनावर आहे का ते बघावे. पाणी नसताना आपोआप बंद होण्याची सोय हवी. १५०० वॅटची किटली २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर घेते, म्हणून ती ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर न लावता १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावावी. बिलावर तारीख घ्यावी आणि बिल फाइलला लावावे.

जुनी कुठे जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने निघालेल्या २०२४ च्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातील फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. उरलेला कोणाच्या हातात जातो? भंगारात वायर जाळून तांबे काढणाऱ्यांच्या, कचऱ्याच्या ढिगात हात घालणाऱ्यांच्या. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती अशाच कचरा वेचणाऱ्यांची, आणि त्यात दलित स्त्रियांची संख्या मोठी आहे. आपण उकिरड्यावर फेकलेली वस्तू शेवटी आपल्याच माणसांच्या हाताशी आणि फुप्फुसाशी जाते. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत घरगुती विजेच्या लहान उपकरणांचाही समावेश झाला आहे. जुनी किटली घरच्या कचऱ्यात टाकू नये, जाळू तर मुळीच नये. ई-कचरा संकलनाच्या वेळी द्यावी.

देण्याआधी प्लगजवळून वायर कापावी. नाहीतर "चालते अजून" म्हणून ती कोणाच्या तरी घरी पुन्हा लागते. धोक्याची वस्तू गरिबाला देणे हे दान नव्हे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटू, असे आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचे गादीचे अभ्रे, त्यांचे जमिनीवरचे अंथरूण, त्याचे पायपुसणे, त्याचे झाडण, आणि अखेर तुकडे चिखलात कालवून जमिनीचे लिंपण. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा प्रसंग काटकसरीचा म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. फाटलेले चीवर तसेच अंगावर घालत राहा, असे आनंद म्हणत नाहीत. वस्तू कोणत्या अवस्थेत आहे ते पाहून तिचे पुढचे काम ते ठरवतात. आमच्या किटलीचे पाणी उकळण्याचे काम संपले होते. वायर कापून आम्ही ती अभ्यासिकेतल्या मुलांसमोर उघडली. कॉइल, थर्मोस्टॅट आणि हिरवा थर चढलेला कनेक्टर मुलांनी हातात घेऊन पाहिला. नंतर ती ई-कचऱ्यासाठीच्या खोक्यात गेली.

आता दर पौर्णिमेला वाचनाआधी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबायचे, असा नियम केला आहे. गेल्या पौर्णिमेला ते त्याच आजींनी दाबले. खटकन आवाज झाला, दिवे गेले, मुले हसली. दिवे पुन्हा लावून वाचन सुरू झाले. तुमच्या विहारातल्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे वायर आहे का, ते पुढच्या पौर्णिमेआधी एकदा वायरमनकडून बघून घ्या.

जय भीम.